‘कीचकवध’ ते ‘अंधा युग’ : स्वतंत्र राष्ट्राची रंगभूमी

परतंत्र राष्ट्राच्या रंगभूमीचे काम एका अर्थी सोपे असते. शत्रू कोण हे प्रेक्षकांस आधीच ठाऊक असते. राष्ट्र स्वतंत्र झाले म्हणजे मात्र तिची खरी कसोटी लागते. आपल्या देशात हे स्थित्यंतर कसे घडले, ते महाभारतावरच आधारलेल्या दोन नाटकांच्या साहाय्याने ज्ञातिबंधू-भगिनींपुढे मांडण्याचा विचार आहे.

लोकमान्यांचे सहकारी नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा विराटपर्वातील; परंतु कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे पीडित हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल पक्ष, हे कोणास समजावून सांगावे लागत नसे. सरकारासही ते उमगले व १९१० साली नाटकावर बंदी आली. नाटकांना लगाम घालण्याचा कायदा तर सरकारने १८७६ सालीच करून ठेविला होता.

पुढे १९४७ साली स्वराज्य आले. २८ जानेवारी १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन झाले. १९५९ साली दिल्लीस राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघाले. परंतु संस्था स्थापन झाल्या म्हणजे राष्ट्राला आपले नाटक लाभतेच असे नाही. राष्ट्राने स्वतःस काय म्हणून ओळखावे, याचे उत्तर नाटककारालाच शोधावे लागते.

फाळणीच्या रक्तपातानंतर थोड्याच वर्षांनी धर्मवीर भारती यांनी हिंदीत ‘अंधा युग’ हे पद्यनाटक लिहिले. युद्धाच्या अठराव्या दिवसाच्या सायंकाळी ते सुरू होते. येथे जयघोष नाही. ओसाड राजवाड्यात दोन पहारेकरी येरझारा घालीत असतात. रक्षण करण्याजोगे काही उरलेलेच नसते. अश्वत्थामा सूडाने वेडा झालेला आहे, आणि पांडवांचाही विजय निष्कलंक नाही. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी यांनी १९६३ साली दिल्लीतील फिरोजशहा कोटल्याच्या भग्नावशेषांत हे नाटक उभे केले. ते पाहावयास पंडित नेहरू स्वतः उपस्थित होते. नव्या राष्ट्राच्या पंतप्रधानाने विजयाचे वैफल्य दाखविणारे नाटक पाहावे, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

अध्यापन करीत असताना मी एकदा वर्गात ‘कीचकवधा’ची हकीकत सांगितली. एका मुलाने विचारले, “गुरुजी, इंग्रज तर गेले, मग आता कीचक कोण?” त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. पुढे ‘अंधा युग’ वाचले, तेव्हा त्या प्रश्नाचे मोल कळले. स्वतंत्र देशात कीचक बाहेरून येत नाही. तो आपल्यातच शोधावा लागतो, आणि ते काम रंगभूमीने करावयाचे असते.

ते ऐकून घेणे स्वकीय सत्तेलाही सुखाचे नसते. १८७६ चा तो परकीय कायदा आपण लगोलग फेकून दिला नाही. तो रद्द होण्यास २०१८ साल उजाडावे लागले. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे!

जे राष्ट्राचे, तेच ज्ञातीचे. आपल्या वार्षिक संमेलनांत पूर्वजांच्या थोरवीचे प्रवेश हौसेने होतात, ते अवश्य व्हावेत. तथापि हुंडा, मानापमान, आपसांतील भाऊबंदकी यांवरही एखादा प्रवेश तरुणांनी बसवावा, आणि पुढल्या रांगेतील आम्हां वडीलधाऱ्यांनी तो न रागावता शेवटपर्यंत पाहावा, एवढीच नम्र विनंती.