वाटाणा कोणी पेरला?

एम.ए.च्या वर्गात रोजनिशी हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही प्रवासवर्णने, तुरुंगातील डायऱ्या आणि लेखकांच्या खासगी वह्या यांच्याकडे सहज वळतो. बागकामाच्या वह्यांकडे मात्र कुणी वळत नाही. त्यांत ना आत्मचिंतन, ना प्रसंग. अमुक दिवशी वाटाणा पेरला, तमुक दिवशी काकडीची रोपे हलवली, पाऊस झाला, पाऊस झाला नाही, एवढेच. तरीही गेल्या वर्षी या वह्या वाचताना एका साध्या प्रश्नाने आमचा पिच्छा पुरवला. येथे त्या प्रश्नाचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

इंग्रजीत या प्रकाराचा ठळक आरंभ म्हणून जॉन एव्हलिन यांच्या 'कॅलेंडेरियम हॉर्टेन्सी' या पुस्तिकेकडे बोट दाखवले जाते. ती 1664 मध्ये त्यांच्या 'सिल्वा' या वृक्षविषयक ग्रंथाला जोडून प्रसिद्ध झाली. महिना घ्यावा आणि त्या महिन्यात फळबागेत, भाजीच्या वाफ्यांत व फुलबागेत काय करावयाचे ते सांगावे, अशी तिची मांडणी आहे. हिवाळा सरून मार्च उजाडला, की कामांची यादी एकदम लांबते. माती मोकळी करा, कलमे बांधा, बी टाका, थंडीसाठी घातलेली पांघरुणे हळूहळू काढा. भाषा सगळी आज्ञार्थी आहे. मात्र एव्हलिन यांचा मार्च आणि आजचा मार्च एक नव्हे. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना चालू होती व ती नव्या गणनेच्या दहा दिवस मागे होती. आजच्या कुणा माळ्याने ती पुस्तिका उघडून अक्षरशः पाळली, तर त्याची पेरणी दहा दिवस आधी व्हायची, आणि तिकडच्या थंडीत दहा दिवस म्हणजे कोवळ्या रोपाचे मरणच.

मराठी वाचकाला ही अडचण परकी वाटू नये. आपले चैत्र-वैशाख चंद्राचे आहेत. अधिकमासाने ते ताळ्यावर येतात खरे, परंतु तोवर तिथी दोन-तीन आठवडे मागेपुढे सरकते. म्हणून सण तिथीने साजरे करणारा शेतकरी पेरणी मात्र सूर्याच्या नक्षत्रांवर करतो. रोहिणी मेच्या अखेरीस, मृग जूनच्या सात-आठ तारखेला. मातीचा व्यवहार चंद्राच्या भरवशावर चालत नाही, हे पंचांगकर्त्यांच्या आधी नांगरधाऱ्यांना कळले असावे असे आम्हांस वाटते.

आता गिल्बर्ट व्हाइट. हँपशरमधील सेलबर्न या खेड्यातील हे धर्मोपदेशक. 'नॅचरल हिस्टरी ऑफ सेलबर्न' या ग्रंथामुळे निसर्गलेखनाच्या इतिहासात त्यांचे स्थान पक्के आहे. त्या ग्रंथाच्या कितीतरी आधी, 1751 मध्ये, त्यांनी 'गार्डन कॅलेंडर' नावाची वही लिहावयास घेतली. पुढच्याच वर्षी ब्रिटनने कालगणना बदलली. 1752 च्या सप्टेंबरात 2 तारखेनंतर थेट 14 तारीख आली. वहीतले अकरा दिवस असे गळाले, काकड्यांना त्याचा पत्ताही लागला नसावा.

या वहीत सर्वांत अधिक जीव गुंतलेला आहे तो ऊष्ण वाफ्यात. इंग्लंडच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन गारठलेली असते, आणि व्हाइट यांना तर हवी होती काकडी आणि खरबूज. उपाय एकच: घोड्याची ताजी लीद. ती गाड्या भरभरून आणावयाची, ढीग लावावयाचा, आणि आतून तापू लागला की उलटापालटा करावयाचा. हे दोन-तीनदा केल्यावर पहिला दाहक ताप ओसरतो. मग तिचा कंबरेपर्यंतचा चौकोनी थर रचावयाचा, वर बारीक माती पसरावयाची आणि काचेची झाकण असलेली लाकडी चौकट ठेवावयाची. आत काठी खुपसून ठेवतात. ती काढून हाताला लावली की ताप कळतो. ताप जास्त झाला तर मुळे होरपळतात, कमी झाला तर बी कुजते. वाफ कोंडली तरी रोप जाते, म्हणून दुपारी काच किंचित उचलावयाची. रात्री हिम पडेल या धास्तीने वर चटया अंथरावयाच्या आणि पहाटे काढावयाच्या. थर निवू लागला की बाजूंनी नवी लीद थापावयाची. हे सारे किती आठवडे? पहिली काकडी ताटात येईपर्यंत. व्हाइट लिदीच्या गाड्यांचा हिशेब ठेवतात, कोणाकडून आणली तेही टिपतात. वाचताना आपल्या नाकाला तो वास येतो, ही त्या गद्याची ताकद म्हणावी लागेल.

परंतु त्या गाड्या ओढल्या कोणी? ढीग उलटला कोणी? पहाटे चटया कोणी काढल्या? वहीतली वाक्ये बहुतेक कर्त्यावाचून सुरू होतात. 'पेरले', 'लावले', 'खणले'. इंग्रजीत कर्ता गाळणे ही रोजनिशीची सवलत आहे, आणि आपणास नकळत आपण तो कर्ता लेखकाच्या नावे भरून टाकतो. व्हाइट स्वतः बागेत वावरणारे होते यात शंका नाही. मात्र अंगमेहनतीचा मोठा भाग थॉमस होअर या त्यांच्या नोकराचा होता. मालक गावी नसताना हवामानाच्या आणि बागेच्या नोंदी ठेवण्याइतका तो या कामात मुरलेला होता. खुरपणीला येणारी गुडी हॅम्प्टन ही बाईही आपल्याला नावाने भेटते. व्हाइट यांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की त्यांनी ही नावे पुसली नाहीत. ती शोधण्याचे कष्ट न घेणारे आपण वाचकच.

येथे मराठी व्याकरणाचा एक विशेष आठवल्यावाचून राहत नाही. 'वाटाणा पेरला' हे वाक्य आपल्याकडे कर्त्यावाचूनही पुरते उभे राहते. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माला बांधलेले असते. 'त्याने मिरच्या लावल्या' आणि 'तिने मिरच्या लावल्या' यांतून सर्वनाम काढा, उरेल ते तंतोतंत एक. लावणारा पुरुष की बाई, याचा क्रियापदात मागमूसही नाही. आमच्यापैकी एकीची आजी सातारा जिल्ह्यातल्या आपल्या परसात अक्षय्य तृतीयेला आळी घालीत असे. आदल्या आठवड्यात माती उकरून उन्हात तापवणे, चुलीतली राख आणि कुजके शेणखत मिसळणे, मग दुधी, दोडका, पडवळ, काकडी यांच्या बिया शेणात घोळून टोवणे. पाऊस यायच्या आत वेल मांडवाच्या काठीला लागला पाहिजे, हे तिचे गणित. तिला लिहिता येत नव्हते. आजोबांच्या हिशेबाच्या वहीत वैशाखात एके ठिकाणी एवढेच आहे: 'आळी घातली.'

ही वगळ कोठवर जाऊ शकते ते पाहण्यासाठी अटलांटिक ओलांडावा लागतो. थॉमस जेफरसन यांच्या 'गार्डन बुक'मधील पहिली नोंद 30 मार्च 1766 ची असून ती जांभळ्या हायसिंथच्या फुलण्याची आहे. ही वही 1824 पर्यंत चालली. वाटाणा त्यांचा विशेष लाडका. वसंतात पहिला वाटाणा कोणाच्या ताटात येतो यावर शेजाऱ्यांत पैज लागे, आणि जिंकणाऱ्याने इतरांना जेवायला बोलवावयाचे. उत्तरायुष्यात त्यांनी नोंदींचे तक्ते केले: कधी पेरले, कधी ताटात आले, कधी संपले. माँटिसेलोच्या डोंगरउतारावर हजार फूट लांबीची भाजीची पायरी कोरून काढण्यात आली, तीही गुलामांच्या हातांनी. जेफरसन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे होती. त्यांपैकी वर्मली ह्यूज हे बागेचे प्रमुख जाणकार. 1826 मध्ये जेफरसन वारले तेव्हा त्यांची कबर ह्यूज यांनीच खणली. पुढल्या वर्षी ह्यूज यांची बायको आणि मुले लिलावात विकली गेली.

या गुलामांच्या स्वतःच्याही परसबागा होत्या. मालकाचे काम संपल्यावर उरणाऱ्या वेळात त्या कसल्या जात. त्यांची रोजनिशी नाही. पण जेफरसन यांची नात अ‍ॅन हिने 1805 ते 1808 या काळात ठेवलेल्या घरखर्चाच्या वहीत, माँटिसेलोच्या स्वयंपाकघरासाठी याच लोकांकडून विकत घेतलेल्या भाज्या, कोंबड्या आणि अंडी विक्रेत्यांच्या नावांनिशी नोंदलेली आहेत. हजार फुटांची बाग असलेल्या घराला गुलामाच्या वाफ्यातली भाजी विकत घ्यावी लागे! आणि पैसे मोजावे लागत म्हणूनच कर्त्याचे नाव लिहावे लागले.

जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांस अर्पण केली, हे आपण परीक्षेसाठी पाठ करून घेतो. त्यांचे मूळचे आडनाव गोऱ्हे. घराण्यातील मंडळी पेशव्यांना फुले पुरवीत, त्यावरून 'फुले' झाले, हेही सांगतो. पण या दोन गोष्टी एकत्र ठेवून वाचल्याचे आम्हांस वर्गात आठवत नाही. ती फुले रोज पहाटे कोणी खुडली, असा प्रश्न ज्या घरात विचारावा लागत नव्हता, त्या घरातला मुलगा माँटिसेलोसारख्या मळ्यांची दखल घेत होता.

आणि अरणचे सावता माळी. 1295 मध्ये समाधिस्थ झालेल्या या संताचे जेमतेम सदतीस अभंग उपलब्ध मानले जातात. त्यांत मळा आहे, मोट आहे, भाजी आहे, आणि कर्ता कोठेही गाळलेला नाही. माळी स्वतःच बोलतो, आपल्या जातीचे आणि कामाचे नाव घेऊन बोलतो. हे अभंग काशिबा गुरव यांनी लिहून घेतले, असे परंपरा सांगते.