कंचेभागुबेव ते पुणतांबा

मराठी शाळेत पदावलीचा मंत्र एकच: कंचेभागुबेव. आधी कंस, मग 'चे', भागाकार, गुणाकार, बेरीज, शेवटी वजाबाकी. पण मंत्र शब्दशः पाळला तर १० − ३ + २ याचं उत्तर ५ येतं, कारण 'बे' हा 'व'च्या आधी आहे. खरं उत्तर ९. बेरीज-वजाबाकीचा मान सारखाच. डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचं. गुणाकार-भागाकाराचंही तसंच. सहा अक्षरांत एवढं मावत नाही.

भास्कराचार्यांना हा मंत्र लागला नाही. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त एक गणित आहे: एका संख्येला ३ ने गुणलं, आलेल्या गुणाकाराचे तीन चतुर्थांश त्यात मिळवले, ७ ने भागलं, भागाकाराचा एक तृतीयांश वजा केला, वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ काढलं, ८ मिळवले, १० ने भागलं, उरले २. तर संख्या कोणती? शेवटाकडून उलटं चालत गेलं की २८ मिळतात. इथे क्रमाबद्दल वाद होऊच शकत नाही, कारण क्रम वाक्यातच सांगितलेला आहे.

वाद आला तो चिन्हांबरोबर. अधिक-उणेची चिन्हं १४८९ मध्ये जर्मनीत छापली गेली, गुणाकाराची फुली १६३१ मध्ये इंग्लंडात, भागाकाराचं ÷ १६५९ मध्ये. लिखाण आटोपशीर झालं आणि क्रम वाक्यातून निसटला. गुणाकार आणि भागाकार एकत्र आले तर आधी काय करायचं यावर एकमत नाही, अशी नोंद गणितचिन्हांचा इतिहासकार फ्लोरियन काजोरी १९२८ मध्येही करतो. आजही -३^२ चं उत्तर एक्सेल ९ देतं आणि तेच -३**२ असं लिहिलं तर पायथॉन −९. म्हणून आम्ही प्रोग्रामर मंडळी शंका आली की कंस घालतो.

हा कंस शेतकऱ्यालाही चुकलेला नाही. गोदाकाठच्या पुणतांब्यातून १ जून २०१७ ला शेतकरी संप सुरू झाला. कर्जमाफीबरोबर मागणी होती स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीची: उत्पादन खर्चावर ५० टक्के नफा, म्हणजे खर्चाच्या दीडपट भाव. इथेही 'च्या' आहेच. पण दीडपट कशाची?

समजा, हातचा खर्च आणि घरच्यांची मजुरी मिळून १०० रुपये, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरचं व्याज ४० रुपये. सगळं कंसात घेतलं तर (१०० + ४०) × १.५ = २१०. चाळीस बाहेरच ठेवले तर १५०. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभाव जाहीर झाला, तो या दुसऱ्या हिशोबाने. सरकार म्हणालं, शब्द पाळला. शेतकरी म्हणाले, फसवलं. गुणाकार दोघांचाही बरोबर होता.

भास्कराचार्यांसारखं सगळं वाक्यात सांगितलं असतं, तर निदान भांडण कशावर आहे हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.