वेर्ण्याची नेटवर्क कार्डे आणि ड्रायव्हरची तपासणी

गोव्यात मुरगाव तालुक्याला लागूनच असलेल्या साष्टीतील वेर्णा औद्योगिक वसाहतीशी स्मार्टलिंक आणि डी-लिंक या संगणक-जोडणीच्या क्षेत्रातील कंपन्यांची नावे निगडित आहेत. डी-लिंकचे डीएफई-५३८टीएक्स हे नेटवर्क कार्ड लिनक्स या कार्यप्रणालीवर चालते ते ‘८१३९टू’ या ड्रायव्हरमुळे. ड्रायव्हर म्हणजे कर्नलमध्ये, अर्थात कार्यप्रणालीच्या गाभ्यात, राहून एखाद्या उपकरणाचा कारभार पाहणारी आज्ञावली. ‘८१३९टू’च्या तक्त्यात ११८६ आणि १३०० हे षोडशमान पद्धतीतील दोन क्रमांक नोंदलेले असल्यामुळे या कार्डाची ओळख पटते.

या कार्डावरील रिअलटेक चिप स्वस्त होती आणि त्या स्वस्ताईचा भार ड्रायव्हरवर पडला. आलेली माहिती ही चिप स्मृतीच्या एका सलग पट्ट्यात लिहीत जाते आणि प्रत्येक पाकिटाच्या, म्हणजे माहितीच्या तुकड्याच्या, आरंभी त्याची लांबी नोंदवते. परंतु पाकीट पुरते उतरण्याआधीच ड्रायव्हरने तेथे पाहिले, तर लांबीच्या जागी ‘एफएफएफ०’ एवढेच आढळते. ही खूण खरी लांबी समजून तितके बाइट उचलले, तर कर्नल भलतीच स्मृती वाचू लागेल. म्हणून ८१३९टू ही खूण वेगळी ओळखतो आणि लांबी अशक्य वाटल्यास माहिती घेण्याचे काम नव्याने सुरू करतो. ही खबरदारी न घेण्याचा दोष क्षणाच्या हेरफेराने प्रकटतो किंवा लपतो, त्यामुळे शेकडो चाचण्यांतूनही तो निसटू शकतो. उपकरणाने सांगितलेले प्रत्येक मूल्य पडताळले आहे का, असे विचारत ओळ न् ओळ वाचणाऱ्याला मात्र तो सापडतो.

अशा वाचनाला शिस्त येण्यास काळ लागला. १९९० च्या दशकात लिनक्सचे अनेक इथरनेट ड्रायव्हर नासाच्या गॉडर्ड केंद्रात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी लिहिले. त्यांच्याच कामाच्या आधारे जेफ गार्झिक यांनी ८१३९टू सिद्ध केला. त्या काळी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा लेखकावरील विश्वास हीच बऱ्याच अंशी तपासणी होती. एससीओ कंपनीने २००३ मध्ये लिनक्समधील आज्ञावलीच्या मालकीवरून आयबीएमवर दावा लावल्यानंतर कोणती ओळ कोठून आली हा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००४ पासून प्रत्येक बदलाखाली लेखकाची व तो पुढे पाठवणाऱ्यांची नावानिशी ग्वाही आवश्यक झाली. २००५ मध्ये आलेल्या, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट प्रणालीमुळे हा सारा माग कायमचा जपला जाऊ लागला. ही शिस्त कायद्याच्या भीतीतून जन्मली असली, तरी तिचा खरा लाभ तपासणीला झाला, कारण आता प्रत्येक ओळीला जबाबदार माणूस होता.

ड्रायव्हरकडे विशेष लक्ष का द्यावे, याचे उत्तर स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये दिले होते: ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण कर्नलच्या उर्वरित भागापेक्षा तीन ते सात पट अधिक होते. २००८ मध्ये मात्र धोक्याची दुसरी बाजू उघड झाली. कर्नलच्या २.६.२७ या आवृत्तीच्या चाचणीकाळात इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरवर चालणाऱ्या नेटवर्क कार्डांची कायमस्वरूपी स्मृती बिघडू लागली आणि कार्डे निकामी झाली. संशय साहजिकच ड्रायव्हरवर गेला. प्रत्यक्षात दोष कर्नलच्या एफट्रेस या माग काढणाऱ्या सुविधेत होता, जी मोकळ्या झालेल्या जुन्या पत्त्यांवर लिहीत होती, आणि तेच पत्ते आता कार्डाच्या स्मृतीकडे नेत होते. दुरुस्ती दोन्हीकडे झाली: एफट्रेसची ती सोय तूर्त बंद करण्यात आली आणि ई१०००ई ड्रायव्हरने कार्डाच्या स्मृतीला लेखनबंदी लावली, जी खरे तर पहिल्याच तपासणीत मागितली जायला हवी होती.