चीवर देण्याआधी विचारपूस

आम्ही गिरणीत लागलो तेव्हा गाव, वय, ओळखीचा माणूस, सगळं विचारलं गेलं. त्याचा राग आला नाही. पण आमच्या किन्हवलीत श्रामणेर शिबिराआधी चौकशी करा म्हटलं, की ऐकावं लागतं, "चीवरावर अविश्वास कशाला?" बंधुभगिनींनो, ही चौकशी बुद्धांनीच घालून दिली आहे.

राहुलच्या प्रव्रज्येने शुद्धोदन दुःखी झाला. तेव्हापासून आईबापांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या नाही. विनयपिटकात उपसंपदेआधीचे प्रश्न आहेत : वय 20 पूर्ण आहे का? कर्ज आहे का? राजाच्या चाकरीत आहेस का? संघापुढे उमेदवार लाजतो, म्हणून आधी बाजूला नेऊन विचारायचं. पुढे किमान 5 वर्षं गुरूच्या नजरेखाली राहायचं.

मर्यादाही शिकवली. श्रावस्तीत उदायी भिक्खू एका स्त्रीबरोबर एकांतात बसला. विशाखेने टोकलं, त्याने ऐकलं नाही. मग तिने भिक्खूंना सांगितलं. त्यावरून नियम झाला आणि विश्वासू उपासिकेच्या शब्दाला त्यात मान मिळाला.

आता 2012 चा पोक्सो कायदा आहे. मुलावरचा अत्याचार ठाऊक असून न कळवणं हाही गुन्हा आहे. म्हणून विचारा : शिकवणारे कोण, कुठून आले, रात्री मुलांजवळ कोण असतं? असं विचारणारी आई विशाखेच्याच वाटेने चालते.

जय भीम!