एका फौजेचे दोन नायक

१८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्याबरोबर चांदा जिल्ह्यातील गोंड जमीनदाऱ्याही कंपनी सरकारच्या अमलाखाली आल्या. आज धानोरा तालुक्यात मोडणाऱ्या मुरुमगाव व रांगीपासून थेट दक्षिणेस अहेरीपर्यंत त्या पसरल्या होत्या. त्यांत अहेरी सर्वांत मोठी. तिचा कारभार लक्ष्मीबाई या जमीनदारणीच्या हाती होता. मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके हा याच अहेरीच्या मुलखातला.

१८५८ च्या मार्चमध्ये बाबूरावाने गोंड व रोहिले यांची फौज जमवून राजगड परगणा लुटला. लवकरच अडपल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव त्यास येऊन मिळाला, आणि एका फौजेस दोन नायक झाले. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर छापा पडला. त्यात गार्टलँड व हॉल हे दोघे ठार झाले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने सैन्य धाडले. तथापि त्या निबिड रानात बाबूराव हाती लागेना. तेव्हा क्रिक्टनने अहेरीवर दाब आणला.

लक्ष्मीबाईपुढे मोठा पेच उभा राहिला. एकीकडे स्वजातीचा, स्वतःच्याच मुलखातला वीर. दुसरीकडे पिढ्यान्‌पिढ्यांची जमीनदारी. तिने जमीनदारी राखली. बाबूराव भोपाळपट्टणम येथे एकदा पकडला गेला, परंतु पहाऱ्यावरील रोहिल्यांचे मन वळवून तो निसटला. सप्टेंबरात मात्र अहेरीच्या माणसांनी त्यास पुन्हा धरले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यास फाशी झाली. मागे उरलेला व्यंकटराव बस्तरच्या रानात शिरला. १८६० साली तोही पकडला जाऊन जन्मठेपेस गेला.

लक्ष्मीबाईस सरकारने राजगड व घोट परगण्यांतील ६७ गावे बक्षीस दिली. घोट हा व्यंकटरावाचा. म्हणजे एका नायकास धरून दिल्याचा मोबदला दुसऱ्या नायकाच्या जप्त जमिनीतून चुकता झाला!

लक्ष्मीबाईस घरभेदी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दोष एका स्त्रीच्या माथी मारल्याने इतिहासाचा उलगडा होत नाही. जमीनदारांस आपापल्या वतनापलीकडे बांधून ठेवील असा दुवा त्या रानात निर्माण झाला नव्हता. शौर्य होते, रान पाठीशी होते. उणीव होती ती परस्परांच्या भरवशाची. क्रिक्टनने नेमके तेथेच बोट ठेवले. पलटणीस जे साधले नाही, ते एका जमीनदारीच्या भयाने साधले. चांद्याच्या तुरुंगातील ज्या पिंपळापाशी बाबूरावास फाशी दिले, तो पिंपळ लोकांनी पुढे पूजनीय मानला. ६७ गावांच्या त्या बक्षिसाची आठवण मात्र सरकारी कागदांतच राहिली.