गाण्यांची यादी आणि तिचा क्रम

मद्रासचं चेन्नई झालं १९९६ साली. त्याआधीच्या दशकभरात या शहरातल्या गजबजलेल्या रस्त्यांवर ‘रेकॉर्डिंग सेंटर’ नावाची दुकानं असायची. भिंतभर एलपी, मागे दोन-तीन डेक, काउंटरवर गाण्यांच्या जाडजूड वह्या. गिऱ्हाईकानं गाण्यांची यादी कागदावर लिहून आणायची, कोरी कॅसेट द्यायची आणि चार-आठ दिवसांनी भरलेली न्यायची. ज्यांना परदेशी कॅसेटच हवी असे ते बर्मा बाजार गाठत. पैसे घेऊन अशी नक्कल करून देणं १९५७च्या कॉपीराइट कायद्यात बसत नव्हतं, १९८४च्या दुरुस्तीनं तर शिक्षाही वाढल्या. पण दुकानं चालू राहिली.

त्या काळावरचं पीटर मॅन्युएल यांचं ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) हे पुस्तक प्रसिद्ध आहे. स्वस्त कॅसेटनं एचएमव्हीची मक्तेदारी कशी मोडली, हे त्यात नीट कळतं. मात्र त्याचा रोख उत्तर भारतावर आणि बाजारात विकल्या गेलेल्या संगीतावर आहे. मला कुतूहल आहे ते ज्या कॅसेटची एकच प्रत निघाली तिचं. तिची नोंद कुठल्याच सूचीत नाही.

साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. जुनं चित्रपटगीत अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या मापानं सव्वातीन मिनिटांत आटोपायचं. इळयराजांची गाणी चार-साडेचार मिनिटांची. त्यामुळे यादी करणं हे आवडीइतकंच हिशेबाचं काम होतं. कुणाला घ्यायचं, कुणाला गाळायचं आणि कुणाशेजारी कुणाला बसवायचं? शेवटी दीड-दोन मिनिटं उरलीच तर दुकानदार स्वतःच्या मर्जीनं व्हायोलिनचा किंवा बासरीचा एखादा तुकडा घालून फीत भरून द्यायचा. म्हणजे या संकलनाला दोन संपादक असत, आणि दुसऱ्याचं नाव कुठेच येत नसे.

लोकांनी काय ऐकावं हे वरून ठरवण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याकडे झाला, आणि तो करणारा मंत्री मराठी होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचा त्यांचा कैवार इतका कडवा, की त्यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी सुई सिलोनकडे फिरवली. ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षी सुरू झाली. मद्रासकरांना तर समुद्रापलीकडची तमिळ गाणीही मिळत होती. अखेर १९५७च्या ऑक्टोबरात सरकारला विविध भारती काढावी लागली. तमिळमध्ये फर्माइशींच्या कार्यक्रमाला ‘नेयर विरुप्पम्’ म्हणतात, म्हणजे श्रोत्यांची आवड. मुंबई केंद्राच्या ‘आपली आवड’मध्ये तो ‘आपली’ आहे तो तमिळमध्ये नाही. अनुवादक म्हणून मला हा फरक उगाचच खुपतो.

पण वेगवेगळ्या भाषांतली गाणी ठरावीक क्रमानं ओवण्याची चाल इथे रेडिओच्या कितीतरी आधीची आहे. कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरचे सद्गुरु स्वामी (१७७७–१८१७) यांनी दक्षिणेतल्या भजन संप्रदायाचा क्रम लावून दिला. तंजावरच्या गादीवर तेव्हा दुसरे सरफोजी होते. जयदेवाची संस्कृत अष्टपदी, भद्राचल रामदासांची तेलुगू पदं, पुरंदरदासांची कन्नड, तमिळ कीर्तनं आणि मराठी अभंग, सगळं एकाच बैठकीत, ठरलेल्या पायऱ्यांनी. १९५०-६०च्या दशकांत शिकागोचे मानवशास्त्रज्ञ मिल्टन सिंगर यांनी मद्रासमधल्या घरगुती भजनांचा अभ्यास केला, तेव्हाही हा क्रम जिवंत होता. आजही आहे. पश्चिम मांबळममधल्या एखाद्या घरात ज्यांना मराठीत साधं ‘पाणी द्या’ म्हणता येणार नाही अशा मामी तुकोबांचा अभंग बिनचूक तालात म्हणतात. आधीचं पद संपलं की अभंग तोंडात येतोच.

अभंगांना या शहरात टिकवलं ते मराठी संस्थांनी कमी आणि या क्रमानं जास्त, असं माझं मत आहे. सुटं गाणं विसरतं. दुसऱ्या गाण्याला चिकटलेलं गाणं तितक्या सहज विसरत नाही.

आमच्या घरच्या कॅसेटकडे मी या नजरेनं बघते. वडील पेरांबूरच्या रेल्वे डबे कारखान्यात होते. १९८७ साली आईनं दुकानात सतरा गाण्यांची यादी दिली: मराठी भावगीतं, काही हिंदी, पाच तमिळ. मराठी तबकड्या दुकानात मिळणार नव्हत्या, म्हणून तिनं स्वतःच्या नेल्या. एक तमिळ चित्रपटगीत आणि लगेच अभंग, ही जोडी तिनं मुद्दाम लावली होती. शेजारच्या भजनात बसून तिला ती सवय झाली होती. अजून रिक्षात ते तमिळ गाणं लागलं, की ते संपताच माझ्या कानात टाळ वाजायला लागतात. रेडिओवर पुढे भलतंच काही येतं आणि क्षणभर चुकल्यासारखं होतं. आईलाही विचारलं. तिला गाण्यांच्या ओळी आता सलग आठवत नाहीत, पण कशानंतर काय, ते ती न अडखळता सांगते.

गेल्या वर्षी एका दुकानात ही कॅसेट डिजिटल करायला दिली. परत मिळाल्या सतरा फाइली, मधली शांतता कापलेल्या, आद्याक्षराप्रमाणे लावलेल्या. शेवटचा व्हायोलिनचा तुकडा ‘गाणं नाही’ म्हणून वगळलेला. आवाज मात्र फार स्वच्छ होता. मी तीच कॅसेट दुसरीकडे नेऊन प्रत्येक बाजूची एकेक सलग फाइल करून घेतली, खरखरीसकट.

कॅसेटबरोबरचं कार्डही मी स्कॅन केलं आहे. नावं दुकानातल्या मुलानं आईकडून ऐकून तमिळ लिपीत लिहिली आहेत. तमिळमध्ये प, फ, ब, भ या चारांना एकच अक्षर. ‘भाव’ आणि ‘पाव’ सारखेच दिसतात, ‘गोड’ आणि ‘कोड’सुद्धा. भजनाच्या तमिळ पुस्तकांत यावर तोड म्हणून अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडे छापतात: ब असेल तर ३, भ असेल तर ४. दुकानातल्या मुलानं अर्थातच आकडे दिले नव्हते. कार्डावरच्या अकराव्या ओळीत, अभंगाच्या नावातल्या एका अक्षरावर, पेन्सिलीनं काढलेला ४ आहे. तो आईच्या हातचा आहे.