श्रमाची कसोटी आणि अपंग माणूस

गरजू माणूस दाराशी आला तर त्याला प्रथम काय विचारावे? ‘तुला काय हवे?’ असे विचारता येईल, किंवा ‘तुला काम करता येते का?’ असेही विचारता येईल. पहिल्या प्रश्नापासून मदत सुरू होते, दुसऱ्यापासून चौकशी. इंग्लंडमधील राज्यकर्त्यांनी गेली चारशे वर्षे बहुधा दुसराच प्रश्न विचारला. तेथील अपंगांना आणि स्वमग्न माणसांना त्याची काय किंमत द्यावी लागली, ते आज पाहू.

एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत, १६०१ साली, तेथे गरिबांसंबंधीचा कायदा झाला. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्तीने, कर गोळा करून आपले गरीब सांभाळावेत असे ठरले. आंधळे, पांगळे व वृद्ध यांना साहाय्य द्यावे, धडधाकटांना कामास लावावे, अशी वाटणी झाली. ती दिसावयास न्याय्य होती. परंतु जे व्यंग डोळ्यांना दिसत नाही, त्याचे काय? असा माणूस आळशी ठरण्याची भीती त्या वाटणीतच दडलेली होती.

१८३४ च्या नव्या कायद्याने ही कसोटी अधिक कठोर केली. धडधाकट गरिबाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाऊसमध्ये, म्हणजे श्रमगृहात, राहावयास यावे. आणि तेथील जिणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जिण्याहूनही कष्टाचे असावे, असे त्याचे सूत्र होते. धाक धडधाकटांना घालावयाचा होता. पण त्या भिंतींआड पुढे प्रामुख्याने राहिले ते म्हातारे, आजारी, अपंग आणि अनाथ मुले. डांबर लागलेले जुने दोरखंड बोटांनी उकलणे, दगड फोडणे, ही तेथली कामे. १८४५ साली अँडोव्हर येथील श्रमगृहात खतासाठी हाडे कुटण्यास बसविलेली माणसे भुकेपोटी त्याच हाडांतील मगज खात असल्याचे उघडकीस आले आणि सारा देश हादरला.

प्रश्नाची दिशा एकदा मात्र बदलली. दुसऱ्या महायुद्धात तरुण रणांगणावर गेले, कारखान्यांना हात कमी पडू लागले, आणि ज्यांना निरुपयोगी समजले जाई त्या अपंगांनीही ते काम करून दाखविले. मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या काळात, १९४४ साली कायदा झाला. वीस किंवा अधिक नोकर असणाऱ्या मालकाने ३ टक्के जागा नोंदणीकृत अपंगांना द्याव्यात, असे त्यात ठरले. आता जाब माणसाला नव्हे, मालकाला द्यावयाचा होता. पण सवलतीचे परवाने सढळ हाताने वाटले गेले, खटले तर बोटांवर मोजण्याइतकेच झाले. खास अपंगांसाठी राखून ठेवलेले व्यवसाय दोनच: लिफ्ट चालविणे आणि मोटारतळावर पहारा करणे! १९९५ च्या कायद्याने ती टक्केवारीही काढून टाकली.

पुढे २००८ साली जुनाच प्रश्न नव्या वेषात परत आला. निर्वाहभत्ता मागणाऱ्या आजारी व अपंग माणसाची कार्यक्षमता गुणांनी मोजण्यात येऊ लागली. साधारणतः १५ गुण भरले नाहीत तर तो कामास योग्य ठरे. आपली अडचण अनोळखी अधिकाऱ्याला थोडक्या वेळात सांगणे, हीच ज्याची मुख्य अडचण, त्या स्वमग्न माणसाने तेथे काय करावे? मनोविकार, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्यांना ही पद्धत प्रतिकूल ठरते, असा निर्णय २०१३ साली तेथील न्यायाधीशांनीच दिला.

एवढे रेटूनही साधले काय? २०२४ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीनुसार काम करण्याच्या वयातील दहा स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे तिघांनाच नोकरी होती. इच्छा नाही म्हणून नव्हे. मुलाखतीतील आडवळणाचे प्रश्न, कचेरीतला गोंगाट, कोणीच स्पष्ट न सांगितलेले रिवाज, हे अडथळे जागच्या जागी राहिले.

आपल्या देशानेही या वाटेवर पाऊल टाकले आहे. इंग्लंडने ज्या १९९५ साली ३ टक्क्यांचा नियम रद्द करणारा कायदा केला, त्याच वर्षी भारताने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा अपंगांसाठी राखल्या. त्यांत स्वमग्नांना स्थान नव्हते; ते २०१६ च्या कायद्याने दिले आणि प्रमाण ४ टक्के केले. पण कायद्यातली जागा आणि कचेरीतली खुर्ची यांत बरेच अंतर असते, हे १९४४ चा कायदा शिकवितो.

श्रमाला प्रतिष्ठा आहे, यात शंका नाही. म्हणूनच तो कोणाला शिक्षेसारखा देऊ नये, आणि ज्याला तो झेपत नाही त्याची भाकरी त्याच्यावर टांगून ठेवू नये. मागच्या बाकावरील मुलाला फळा दिसत नसेल तर शिक्षक त्याला पुढे बसवितो. ‘फळा वाचता आला तरच वर्गात बस’ असे म्हणत नाही. एवढी साधी रीत शाळेबाहेर का चालू नये?